खांदा दुखावलाय, शाळा सोडतो म्हणतोय, आणि खेळायचं ग्रीकोच

ताई, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलगा पंधरा वर्षांचा, पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, कमी पडतो पण पकड दांडगी म्हणून वस्तादांनी वर्षभरापूर्वी ग्रीको रोमनला, म्हणजे फक्त कंबरेच्या वर पकड घ्यायच्या कुस्तीला, वळवला, मागच्या महिन्यात सरावात खांदा गेला आणि आता म्हणतोय दहावीनंतर शिक्षण बंद, फक्त कुस्ती. तुम्ही त्याचे बूट कपाटात कुलूप लावून ठेवलेत हे वाचलं आणि मला अलेक्झांडर कारेलिनची आई आठवली.

सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कचा पैलवान. तेराव्या वर्षी कुस्ती धरली, पंधराव्या वर्षी सरावात पाय मोडला, तर आईने कुस्तीचे कपडेच जाळून टाकले. तरी पोरगा परत मॅटवर गेलाच, आणि 1988, 1992, 1996 अशी सलग तीन ऑलिंपिक गोल्ड, शिवाय नऊ वेळा वर्ल्ड चॅम्पियन. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या फायनलला 0-3 ने मागे होता, थोडेच सेकंद उरलेले, समोरचा बल्गेरियाचा पैलवान मॅटला चिकटून पालथा पडलेला, याने कंबरेला मिठी घातली, तेवढा 130 किलो गटातला गडी उचलला आणि मागे फेकला, 5-3 ने जिंकला. ग्रीकोत पायाला हात लावायचा नाही, पायाने अडवायचं नाही, म्हणजे सगळा भार पाठ, खांदे आणि पकडीवर, म्हणून मुलाची पकड बघून वस्तादांनी घेतलेला निर्णय मला पटतो, पण त्याच कारणाने दुखरा खांदा घेऊन हा खेळ खेळता येत नाही. कारेलिनचा 1996 मध्ये छातीचा स्नायू फाटला होता, उपचार घेऊनच तो त्या वर्षी ऑलिंपिकला उतरला. तेव्हा आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर, मालिश आणि लेप नंतर. आणखी एक, शेवटपर्यंत त्याचा कोच एकच होता, व्हिक्टर कुझनेत्सोव. सहा महिन्यांनी तालीम बदलायचा विचार करताय तो सोडा.

आता शाळा. मुलाला हे नक्की सांगा. तेरा वर्षं न हरलेला कारेलिन 2000 ला सिडनीत फायनल हरला, पकडीत याचे हात आधी सुटले, त्याचा गुण समोरच्याला मिळाला आणि त्या एका गुणाने सगळं गेलं. पण तेव्हा त्याच्याकडे शिक्षण होतं, पुढे शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतली, विषय कुस्तीचाच, आणि 1999 पासून रशियाच्या संसदेतही होता. अभ्यासामुळे त्याची कुस्ती कधी अडली नाही.

आपल्याकडे तर शिक्षण जास्तच लागतं. जत्रेच्या मैदानात ग्रीकोला इनाम नसतं, महाराष्ट्र केसरीत ग्रीको नाही, म्हणजे फ्रीस्टाईल, म्हणजे पायही धरता येणारी कुस्ती, खेळणारा मित्र सीझनला चार पैसे आणेल तेव्हा तुमचा मुलगा रिकाम्या हाताने घरी येईल, ही गोष्ट आत्ताच बोलून घ्या. ग्रीकोवाल्याचा आधार म्हणजे नोकरी : सेनादल, रेल्वे, पोलीस, राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण, नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा. यात सर्टिफिकेट इतकंच शिक्षणही बघतात. रेग्युलर कॉलेज जमत नसेल तर बारावी ओपन स्कूलिंगमधून करू दे, पण सोडू देऊ नका. शालेय स्पर्धांत सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलांना ग्रीको असतं, दोन वर्षं तिथे खेळला की कळेल कितपत पाणी आहे. भारताला ग्रीकोत अजून ऑलिंपिक मेडल नाही, पण सुनील कुमारने 2020 ला आशियाई गोल्ड आणलं, तब्बल 27 वर्षांनी, म्हणजे वाट आहे, फक्त लांब आहे. क्युबाचा ग्रीको पैलवान मिहाइन लोपेझ पाचवं सलग ऑलिंपिक गोल्ड जिंकला तेव्हा 41 वर्षांचा होता, पंधराव्या वर्षी कसली घाई आहे हो?

बूट त्याला परत द्या ताई, पण डॉक्टर सराव सुरू कर म्हणतील त्या दिवशी, आणि अकरावीचा फॉर्म भरून झाल्यावर. रिपोर्ट आला की पुढचं पत्र त्यालाच लिहू दे, मला त्याच्याशीच बोलायचंय.