वाचकांचे प्रश्न : वालुकाश्मातला कण आला कुठून?

गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तो कडा, सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर आणि बदामीच्या लेण्यांचा तांबूस खडक हे सगळे कलादगी खोऱ्यातले. जुन्या वाळूचा दगड होऊन बनलेले. ती वाळू कोणत्या डोंगरांची झीज होऊन आली, हे बरेचदा तिच्यातल्या झिरकॉन या जड, टिकाऊ, वय मोजता येणाऱ्या खनिजाच्या कणांवरून शोधतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गोकाक परिसरातून गोटे असलेला, भरड वालुकाश्म दोन किलो आणला. कुटून, ब्रोमोफॉर्म या जड द्रवातून काढून हाती जेमतेम दहा-बारा झिरकॉन लागले. चूक कुठे झाली? – विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

बहुधा थर निवडताना. झिरकॉनची घनता ४.६ ते ४.७, क्वार्ट्झची २.६५. वाहत्या पाण्यात जड पण बारीक कण आणि हलका पण मोठा कण एकाच जागी बसतात. म्हणजे झिरकॉन ज्या क्वार्ट्झच्या सोबत बसतो, त्याहून तो आकाराने बराच लहान असतो. गोट्यांच्या भरड थरात प्रवाह इतका जोराचा होता, की बारीक झिरकॉन पुढे वाहून गेले. पुढच्या वेळी मध्यम ते बारीक कणांचा थर घ्या. त्यात काळपट, केसासारख्या रेघा दिसल्या तर जड खनिजं भरपूर आहेत असं समजा. मात्र फक्त त्या रेघाच खरवडून आणू नका. आजूबाजूच्या दगडासकट तीन ते पाच किलो घ्या आणि हवेने खराब झालेली वरची साल हातोडीने उडवून टाका.

कुटण्यातही घाई नको. सौंदत्तीकडचा गारेचा (क्वार्ट्झचा) दगड सिलिकेने इतका घट्ट सांधलेला असतो, की तो कणांच्या कडेने न फुटता कणांमधूनच फुटतो. थोडं कुटायचं, ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून काढायचं आणि वर राहिलेलंच परत कुटायचं. सगळं एकदम पीठ केलंत तर झिरकॉनचेही तुकडे होतात. पितळी चाळणीच्या जाळीत आधीच्या नमुन्याचे कण अडकून बसतात आणि तुमच्या नमुन्यात भलत्याच वयाचा पाहुणा शिरतो. त्यासाठी प्रत्येक नमुन्याला नायलॉनचं नवं कापड घ्या.

नंतर पाण्यात घोळून चिकणमाती काढा, वाळवा आणि हातातल्या लोहचुंबकाने कुटण्याच्या यंत्राचा लोखंडी कीस व मॅग्नेटाइट उचलून घ्या. मग जड द्रव. ब्रोमोफॉर्मची घनता सुमारे २.८९. काम चोख होतं, पण वाफ विषारी, म्हणून धूरकपाटाबाहेर बाटली उघडायची नाही. सोय असेल तर सोडियम पॉलीटंग्स्टेटचा द्रव वापरा. तो जास्त चिकट असल्याने कण खाली बसायला वेळ लागतो. आणि कण धुवायला ऊर्ध्वपातित पाणीच हवं. बोअरचं जड पाणी घातलंत तर त्यातल्या कॅल्शियममुळे पांढरा साका तयार होतो आणि महागडा द्रव वाया जातो. तळाशी बसलेला भाग मिथिलीन आयोडाइडमधून, म्हणजे ३.३ घनतेच्या द्रवातून काढला की टूर्मलीन आणि अ‍ॅपेटाइट तरंगतात, तर झिरकॉन आणि रुटाइल खाली जातात.

फ्रँट्झ चुंबकीय विलगक ०.३ अँपिअरपासून हळूहळू १.५ पर्यंत न्या. झिरकॉन बहुतेक अचुंबकीय भागात राहतो. बहुतेक म्हणतो ते यासाठी, की युरेनियम जास्त असलेले, किरणोत्साराने आतून खिळखिळे झालेले झिरकॉन थोडे चुंबकीय वागतात. तो भाग फेकलात तर एखादा अख्खा उगम तुमच्या यादीतून गळू शकतो. सुईने वेचतानाही स्वच्छ, टोकदार, गुलाबीच कण उचलायचा मोह होतो. तो आवरा. कण एपॉक्सी राळेवर सरळ ओता आणि समोर येतील तसे मोजा.

किती मोजायचे? वाळूत ५ टक्के वाटा असलेला एखादा ठरावीक उगम ६० कणांत न सापडण्याची शक्यता जवळपास ५ टक्के असते. असा कुठलाच उगम सुटू नये याची ९५ टक्के खात्री हवी, तर ११७ कण लागतात. दहा-बारा कणांवर प्रबंध लिहू नका.

प्रश्न : आमच्याकडच्या वालुकाश्मातल्या झिरकॉनचं वय २५० कोटी वर्षं निघतं, असं वाचलं. म्हणजे गोकाकचा कडा २५० कोटी वर्षांचा का? – शिक्षक, गोकाक

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते वय कणाच्या जन्माचं आहे. शिलारसातून तो झिरकॉन कधी घडला, एवढंच ते सांगतं. नंतर तो ग्रॅनाइट उघडा पडला, झिजला, वाळू झाली, साचली आणि तिचा दगड झाला. या सगळ्याला कितीही काळ लागला असेल. दगड त्याच्यातल्या सर्वांत तरुण कणाहून जुना असू शकत नाही, एवढी एकच मर्यादा मिळते. त्यातही एकट्या तरुण कणावर भिस्त ठेवू नये. किमान तीन कणांची वयं त्रुटीच्या मर्यादेत जुळली, तरच तो आकडा धरावा. एखाद्या कणातून शिसं निसटलेलं असलं की तो उगाच तरुण दिसतो.

मोजणीचं तत्त्व असं. युरेनियम-२३८ चं शिसे-२०६ होतं, अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षं. युरेनियम-२३५ चं शिसे-२०७ होतं, अर्धायुष्य ७०.४ कोटी वर्षं. एकाच कणात दोन घड्याळं आहेत आणि ती एकमेकांना तपासतात. दोन्ही वयांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो कण साधारणपणे बाजूला ठेवतात. असे किती कण वगळले, हे अहवालात लिहायलाच हवं. आपल्याकडच्या जुन्या कणांसाठी शिसे-२०७ आणि शिसे-२०६ यांच्या गुणोत्तराचं वय घ्या. साधारण १०० ते १५० कोटींहून तरुण कणांसाठी शिसे-२०६ आणि युरेनियम-२३८ चं घ्या.

लेसरचा ठिपका २० ते ३५ मायक्रॉनचा असतो. तो कणाचा जुना गाभा आणि नवी कडा यांच्या मधोमध पडला, तर जे वय येतं ते कुठल्याच घटनेचं नसतं. म्हणून आधी कणाच्या आतले थर दाखवणारी कॅथोडोल्युमिनेसन्सची छायाचित्रं घ्या आणि मग ठिपक्यांच्या जागा ठरवा. दर आठ-दहा कणांनंतर ९१५०० हा प्रमाण झिरकॉन मोजतात. त्याचं वय सुमारे १०६.५ कोटी वर्षं. पडताळणीला प्लेशोविसे, ३३.७ कोटींचा. त्याचं वय नीट येत नसेल तर त्या दिवसाचे तुमचे आकडेही नीट नाहीत.

आता २५० कोटींबद्दल. कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट त्याच वयाचा आहे, म्हणून बोट लगेच तिकडे जातं. पण पूर्व धारवाड भागात २७० ते २५० कोटींच्या दरम्यानचे ग्रॅनाइट ठिकठिकाणी आहेत. वय जुळलं म्हणून आईबाप ठरत नाहीत. त्याच कणांवर हाफ्नियम समस्थानिकं मोजली, तर शिलारस नव्या द्रव्याचा होता की जुनं कवच वितळून झालेला, हे कळतं आणि उमेदवार कमी होतात. ३३० ते ३०० कोटींचे कण सापडले तर मात्र पश्चिमेकडचे जुने नाइस (रूपांतरित, पट्टेदार) खडक विचारात घ्यावे लागतात.

प्रश्न : रामदुर्ग भागातल्या फेल्डस्पारयुक्त वालुकाश्माचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं) विश्लेषण केलं. अ‍ॅल्युमिना १०.२, चुना ३.३६, सोडा १.२४, पोटॅश २.८३ टक्के. झीज निर्देशांक ४७.६ येतो. म्हणजे झीज झालीच नाही असं म्हणायचं का? – संशोधक विद्यार्थी, सौंदत्ती

दगडावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फेस आला तर उत्तर तिथेच आहे. निर्देशांकात फक्त सिलिकेट खनिजांमधला चुना धरायचा असतो. तुमच्या नमुन्यात कणांना सांधणाऱ्या कॅल्साइटचा चुना मिसळलेला दिसतो. टक्केवारीला रेणुभाराने भागलं की अ‍ॅल्युमिना ०.१०, चुना ०.०६, सोडा ०.०२, पोटॅश ०.०३. अ‍ॅल्युमिनाला चौघांच्या एकूण ०.२१ ने भागून शंभरने गुणलं, म्हणून ४७.६. रूढ दुरुस्ती अशी : फॉस्फेटमधला चुना वजा करा आणि उरलेला चुना सोड्यापेक्षा जास्त असेल तर तो सोड्याइतकाच धरा. तुमचा फॉस्फरस नगण्य धरला तर चुना ०.०२, एकूण ०.१७ आणि निर्देशांक ५८.८. ताजा ग्रॅनाइट ४५ ते ५५ मध्ये असतो, म्हणजे थोडी झीज झालेली आहे. गाडलं गेल्यावर दगडात बाहेरून पोटॅश शिरलं असेल तर हा आकडाही खोटा कमी असतो. ते अ‍ॅल्युमिना, चुना-सोडा आणि पोटॅश यांच्या त्रिकोणी आलेखात कळतं.

९५ टक्क्यांच्या वर सिलिका असलेल्या शुद्ध गारेच्या दगडात हा निर्देशांक काढूच नये. उरलेल्या ऑक्साइडांचं प्रमाण इतकं थोडं असतं, की मोजणीतली लहानशी चूकही निकाल फिरवते. त्याऐवजी त्याच थरांमधला शेल (चिकणमातीचा दगड) घ्या.

उगमासाठी थोरियम, स्कँडियम, लँथॅनम, क्रोमियम जास्त कामाचे. थोरियम भागिले स्कँडियम हे गुणोत्तर खंडीय कवचाच्या वरच्या भागात सरासरी ०.७५ च्या आसपास, ग्रॅनाइटात १ च्या बरंच वर, बेसाल्टात ०.१ च्या जवळपास किंवा खाली. हे गुणोत्तर स्थिर राहून झिर्कोनियम भागिले स्कँडियम वाढत गेलं, तर वाळू एकापेक्षा जास्त वेळा फिरून आलेली आहे.

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पोलादी भांड्यात दळलं की क्रोमियम वाढतं आणि माणूस क्रोमियम जास्त असलेल्या धारवाडी हिरव्या खडकांत उगम शोधत बसतो. टंग्स्टन कार्बाइडच्या भांड्यात टंग्स्टन आणि कोबाल्ट वाढतात. अगेटचं भांडं वापरा. दुसरं, उघड्या भांड्यात आम्लाने विरघळवलं तर झिरकॉन तसाच तळाला राहतो आणि झिर्कोनियम, हाफ्नियम व जड विरल मृदा मूलद्रव्यं कमी येतात. लिथियम बोरेटसोबत वितळवून घ्या आणि झिर्कोनियमचा आकडा एक्सआरएफच्या आकड्याशी ताडून पाहा.

प्रश्न : घटप्रभेच्या आजच्या वाळूतून हाच अभ्यास करता येईल का? – वाचक, हुक्केरी

येईल, आणि शिकायला याहून चांगली जागा जवळपास नाही. घटप्रभा सह्याद्रीतून निघते आणि वरचा बहुतेक पाणलोट दख्खनच्या बेसाल्टचा आहे. बेसाल्टात झिरकॉन जवळपास घडतच नाही. पुढे गोकाकजवळ ती कलादगीच्या वालुकाश्मावर येते. म्हणजे गोकाकच्या खालच्या वाळूत झिरकॉन मिळाले तर त्यातले बहुतेक त्या वालुकाश्मातून सुटलेले, दुसऱ्यांदा प्रवासाला निघालेले असणार. नुसती वयं पाहिली तर कोणी म्हणेल, नदी २५० कोटींच्या ग्रॅनाइटमधून आली. आणि वाळूचा मोठा हिस्सा ज्या बेसाल्टचा, त्याचा वयांच्या आलेखात मागमूसही नसेल. साडेसहा कोटींच्या आसपासचा एखादा कण मिळालाच, तर तो लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या राखेतला असू शकतो.

म्हणून झिरकॉनबरोबर पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ३०० ते ४०० बिंदू मोजावेत : क्वार्ट्झ किती, फेल्डस्पार किती, खडकांचे तुकडे किती. बेसाल्टचे तुकडे तिथे लगेच दिसतात. नमुने घेताना एक ध्यानात ठेवा. हिडकलचं धरण आणि धुपदाळचा बंधारा वरची वाळू अडवतात. धरणाच्या वर एक, हिडकल आणि धुपदाळ यांच्या मध्ये एक आणि धबधब्याच्या खाली एक, असे नमुने घेतले तरच तुलनेला अर्थ आहे. मलप्रभेचं चित्र वेगळं : ती कणकुंबीहून निघून खानापूर तालुक्यात जुन्या खडकांवरून वाहते, त्यामुळे तिथे झिरकॉन थेट मूळ खडकातूनही येऊ शकतात.

प्रश्न : प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत. हायस्कूलच्या मुलांसोबत काय करता येईल? – शिक्षिका, खानापूर

तिरप्या थरांची दिशा मोजा. वालुकाश्माच्या सपाट थराच्या आत तिरक्या रेघा दिसतात. त्या ज्या बाजूला खाली उतरतात, तिकडे पाणी वाहत होतं आणि वाळूचा उगम उलट बाजूला. एकच उघडी बाजू पाहून दिशा ठरवू नका, कारण तिथे दिसतो तो खोटा उतार असू शकतो. दगडाच्या दोन बाजू दिसतील अशी जागा शोधा. होकायंत्राने किमान २५ मापं, वेगवेगळ्या थरांत. बदामीच्या लेण्यांसारख्या संरक्षित जागी फक्त पाहायचं, हातोडी लावायची नाही.

सगळी मापं गोल आलेखावर मांडा. बदामीकडचे, कलादगी खडकांच्या वरच्या, तरुण गटाचे थर जवळपास आडवे आहेत, तिथे मापं तशीच चालतात. सौंदत्ती-रामदुर्गकडे खालच्या, जुन्या गटाचे थर कललेले आहेत. थराचा कल १० अंशांहून जास्त असेल तर आधी तो काढून टाकावा लागतो, नाहीतर दिशा पार चुकते. दोन्ही गटांची मापं एकाच आलेखात मिसळू नका. त्यांच्यामध्ये मोठी विसंगती, म्हणजे झिजेचा आणि काळाचा खंड, आहे, आणि वरच्या गटाची काही वाळू खालच्या गटाच्याच झिजेतून आलेली असू शकते.