कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर आहे, मग ट्रक ड्रायव्हरने सुट्टीत ओढला तर चालतं का?

नाही चालत, अजिबात नाही. राज्याचा कायदा काहीही म्हणो, कमर्शियल लायसन्सवर ट्रक चालवणाऱ्याला फेडरल म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम लागतो आणि त्यात गांजा पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्हच, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. सीबीडी तेलाचं (गांजाच्याच जातीच्या झाडापासून काढलेलं तेल) कारणही ऐकून घेत नाहीत, म्हणून ते पण लांबच ठेवा.

दारूचं वेगळं आहे, ड्युटीच्या आधी 4 तास प्यायची नाही, चाचणीत दारूचं प्रमाण 0.04 आलं की गाडीवरून खाली, आणि 0.02 ते 0.039 मध्ये आलं तरी 24 तास चालवता येत नाही.

पण लोक खरे फसतात ते रँडम टेस्टला, म्हणजे अचानक बोलावून घेतात त्या लघवीच्या तपासणीला. नमुन्यात पाणी मिसळता येऊ नये म्हणून कमोडमधलं पाणी निळं केलेलं असतं, नमुना दिला की लगेच त्याचं तापमान बघतात, 45 मिली लागतं. लघवी होत नसेल तर घाबरून निघून जाऊ नका हो, 3 तास मिळतात आणि पाणीही प्यायला देतात, पण न देता बाहेर पडलात तर तो नकार धरतात आणि ते 2020 पासून सुरू असलेल्या क्लिअरिंगहाऊसमध्ये (ड्रायव्हरांच्या ड्रग-दारूच्या नियमभंगांची सरकारी नोंद) चढतं, पुढची प्रत्येक कंपनी तिथे बघूनच नोकरी देते.