शेडमधली पद्मिनी आणि घरातले दोन मिस्त्री

प्रश्न : वडिलांची 1986 सालची प्रीमियर पद्मिनी 12 वर्षे शेडमध्ये उभी आहे. 15 वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन ती चालती करायची आहे. मुलीला आधी गाडीला रंग द्यायचा आहे, मला इंजिन सुरू करून पाहायचे आहे. सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

दोघांनीही थोडा धीर धरावा. पद्मिनीला वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे दरवाजांखालचे पट्टे, पायाखालचा पत्रा आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) टेकू गंजले असतील, तर गाडी वरून कितीही चकचकीत केली तरी ती रस्त्यावर आणण्याजोगी राहत नाही. ही तपासणी मुलीकडे द्यावी. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवत न्यावे. जिथे ते धरत नाही, तिथे खाली लांबीचा (पुट्टीचा) जाड थर भरलेला आहे असे समजून खडूने खूण करावी. या खुणांचा नकाशा वहीत उतरवला, की पत्र्याचे काम करणाऱ्या डेंटरशी बोलताना आपली बाजू भक्कम राहते.

इंजिनाला थेट स्टार्टर मारू नये. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने हळूहळू फिरवून पाहावे. पिस्टनवरच्या अडकलेल्या रिंगा स्टार्टरच्या जोराने तुटतात. टाकीतले जुने पेट्रोल डिंकासारखे झालेले असते, ते पूर्ण काढून टाकावे.

इंजिन फिरू लागले तरी माझ्या मते पुढचा क्रम ब्रेकचाच. एवढ्या वर्षांत चाकांच्या सिलिंडरमधली रबरे कडक झालेली असतात आणि ब्रेक ऑइलने हवेतला ओलावा शोषलेला असतो. त्या काळच्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि मास्क दोघांनीही वापरावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, खाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याच पाहिजेत.

प्रश्न : मी 16 वर्षांचा आहे. गाडी बाबा आणि मी मिळून करतो असे सगळ्यांना सांगतात, पण पाना बाबांच्याच हातात असतो, मी फक्त उजेडासाठी बॅटरी (टॉर्च) धरतो. काय करू? (डोंबिवली)

तुझी तक्रार रास्त आहे. “मलाही काहीतरी द्या” असे म्हणण्यापेक्षा एक अख्खा भाग मागून घे. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर त्यासाठी उत्तम, कारण तो टेबलावर मावतो आणि त्याचे काम डोळ्यांनी समजून घेता येते. उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढ, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेव. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी. तिच्या भोकात तार मात्र घालू नकोस. भोक केसभर जरी मोठे झाले तरी इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागते. क्लीनर आणि हवा पुरते. पुढे डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) पॉइंटचे अंतर फीलर गेजने, म्हणजे मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी, लावायला शीक.

आता बाबांसाठी दोन शब्द. मुलाने फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) चुकीचा बसवला, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडेल. त्या पहिल्या चाचणीला आपण अग्निशामक घेऊन शेजारी उभे राहावे, पण चूक कुठे झाली हे त्यालाच शोधू द्यावे. आपण पाच मिनिटांत ती दुरुस्त केली, तर तो पुन्हा बॅटरीच धरायला जाईल.

प्रश्न : आमच्या 1984 च्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळेल का? मुलगा 17 वर्षांचा आहे, सोसायटीबाहेर एक फेरी मारू दिली तर? (पुणे)

सध्या नाही. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे पूर्ण झालेल्या गाडीलाच ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, त्याचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षांची असते. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, तेव्हा घाई करण्यात फारसा लाभही नाही. आपल्याला नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. ते एका वेळी 5 वर्षांचे असते, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

फेरीचे उत्तर स्पष्ट नकार आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते.

प्रश्न : सुटे भाग मिळतात का? आणि हल्लीचे इथेनॉलचे पेट्रोल चालेल का? (मडगाव)

मुंबईत पद्मिनी टॅक्सी 2023 पर्यंत धावत होत्या, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बरेच काही अजून सापडते. पुण्यात नाना पेठेत विचारावे. धातूचे जुने भाग खुशाल घ्यावेत, पण रबराचा जुना माल पाकीटबंद असला तरी घेऊ नये, कारण रबर पाकिटातही म्हातारे होते.

20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल चालते, पण पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची बसवून घ्यावी. हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण थोडे पातळ होत असल्याने मुख्य जेट किंचित मोठा लावावा लागू शकतो. इथेनॉल पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते. गोव्याच्या पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल, तर जूनपूर्वी टाकी रिकामी करून ठेवावी.