जुन्या कोब्यावर नवी फरशी आणि शेजाऱ्याची नोटीस

प्रश्न : अमळनेरला आमचे वडिलोपार्जित घर आहे. मागच्या अंगणात वडिलांनी १९९८ च्या सुमारास गोठ्यासाठी काँक्रीटचा कोबा टाकला होता. गोठा गेला, कोबा राहिला. आता त्यावर शहाबादी फरशी बसवून, कडेने कुंड्या लावून बसण्या-उठण्याचा ओटा करायला घेतला आहे. फरशी येऊन पडली, मिस्त्रीही लागला, आणि शेजारच्या आप्पांच्या मुलाने वकिलामार्फत नोटीस पाठवली. कोबा दीड फूट त्यांच्या हद्दीत आहे, पंधरा दिवसांत फोडा; शिवाय फरशीमुळे पाणी त्यांच्या भिंतीत मुरेल, असे तीत म्हटले आहे. खुद्द आप्पा मात्र चारचौघांत म्हणतात, "तुना बापले मीच सांगेल व्हतं, टाकी ले कोबा" (तुझ्या बापाला मीच सांगितले होते, टाकून घे कोबा). इतकी वर्षे ताबा आमचा, म्हणजे जागा आमचीच झाली ना? काम चालू ठेवू का?

उत्तर : काम आजच थांबवा. तुमची बाजू लंगडी आहे म्हणून नव्हे, तर नोटीस हातात पडल्यानंतर बसवलेली प्रत्येक फरशी तुमच्या जोखमीवर बसते म्हणून. उद्या दावा झाला आणि न्यायालयाने विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३९ खाली ती काढायला सांगितली, तर "एवढा खर्च झाला" या बोलण्याला वजन राहत नाही.

आता ताब्याचे. बारा वर्षे झाली की जागा आपली, ही समजूत आपल्याकडे घराघरात आहे आणि तिने फार लोकांचे नुकसान केले आहे. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ६५ मध्ये बारा वर्षे आहेत हे खरे. पण तो ताबा प्रतिकूल, म्हणजे मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध, उघड आणि सलग असावा लागतो. मालकाच्या परवानगीने घेतलेला ताबा पन्नास वर्षे चालला तरी प्रतिकूल ठरत नाही. आप्पांचे ते वाक्य तुम्ही मोठ्या आनंदाने लिहिले आहे, पण प्रतिकूल ताब्याचा मुद्दा त्याच वाक्याने संपतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोटिशीच्या उत्तरात "आमचा प्रतिकूल ताबा आहे" असे लिहिले, तर ती दीड फूट पट्टी मुळात आप्पांची होती हे तुम्हीच कबूल करून बसता. कदाचित ती पट्टी तुमचीच असेल! अजून मोजणीच झालेली नाही. हद्द नेमकी कुठे आहे, हे ना नोटीस सिद्ध करते ना तुमचे पत्र. गोठ्याचा कोबा मिस्त्री दोरी लावून टाकतो, नकाशा पाहून नाही.

म्हणून आधी मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) आणि वडिलांच्या किंवा आजोबांच्या खरेदीखताची नक्कल काढा आणि चतुःसीमा वाचा. मग तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा, म्हणजे हद्द ठरवून खुणा करून देणाऱ्या सरकारी मोजणीचा, अर्ज करा. लगतच्या धारकांना कार्यालयाकडून सूचना जाते. तरीही आप्पांना स्वतः जाऊन सांगा, आणि शक्य असेल तर अर्जच दोघांच्या सहीने द्या. मोजणीच्या दिवशी हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्या, त्यांचे फोटो काढा आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा हद्द दाखवणारा नकाशा, हाती आल्याशिवाय पुढे सरकू नका. निकाल कुणाला मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा, मार्ग आहे.

समजा, कोबा खरेच त्यांच्या हद्दीत निघाला. तेव्हा आप्पांचे तेच वाक्य उपयोगी पडते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे, परवानगीवर विसंबून कुणी स्वखर्चाने कायमस्वरूपी काम केले असेल, तर जागामालकाला ती परवानगी मागे घेता येत नाही. शिवाय इतकी वर्षे ते गप्प बसले, ही मूक संमतीही मांडता येते. मात्र हा बचाव जुन्या कोब्यापुरता धरा. परवानगी वडिलांना आणि गोठ्यासाठी होती. तिच्यावर नवा थर चढवून पातळी वाढवण्याचा हक्क त्यातून निघतो, असे मी तरी म्हणणार नाही. आणि आप्पा आहेत तोवरच हे लिहून घ्यायला हवे. मुलाचा सूर वेगळा आहे, हे नोटिशीतच दिसते.

आता पाणी. खरे सांगायचे तर भांडण इथेच आहे. दीड फुटासाठी लोक वर्षानुवर्षे बोलत नाहीत, पण पहिल्याच पावसात भिंतीला ओल धरली की वकील गाठतात. उंच जमिनीवरचे पावसाचे पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देणे खालच्या मालकावर बंधनकारक आहे, असे त्याच अधिनियमाचे कलम ७ सांगते. फरशी लावून, पातळी उंचावून एका बाजूला लोटलेले पाणी या नैसर्गिक हक्कात बसत नाही. मसाला आणि फरशी मिळून तुमचा ओटा दोन-अडीच इंच वर येणार. आज पाणी कोब्याच्या भेगांतून थोडे मुरते, थोडे आप्पांच्या भिंतीकडे सरकते. फरशीचे सांधे भरले की सगळेच सरकेल.

तेव्हा ढाळ तुमच्याच बाजूच्या गटारीकडे द्या, मीटरमागे सव्वा ते दीड सेंटीमीटर. भिंतीलगत फरशी न लावता वीतभर पट्टी मोकळी सोडून तिथे पन्हळ काढा. कुंड्यांचे पाणीही तिकडेच जाऊ द्या. कोब्याखाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खालची भेग वरच्या फरशीत उमटते. पोकळ वाजणारा भाग आधी फोडून घ्या. हे काम मिस्त्रीचे खरे, पण न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमला, तर तो येऊन हाच ढाळ आणि हीच ओल पाहून अहवाल लिहितो. कामाआधीचे, तारखेसह फोटो आजच काढून ठेवा. आप्पांच्या भिंतीचेही, त्यांना विचारून.

नगरपरिषदेचे थोडक्यात. जमिनीलगतची नुसती फरशी ही सहसा अडचण ठरत नाही. पण खांब उभे करून वर पत्रे टाकलेत की ते बांधकाम होते, सामासिक अंतराचा (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेचा) प्रश्न येतो आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू पडतो. सावलीसाठी पत्र्यांचा विचार असेल तर आधी बांधकाम विभागात लेखी विचारा.

हद्द ओलांडल्याचे निघाले आणि आप्पा पट्टी द्यायला तयार झाले, तर स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करून भागवू नका. त्याने मालकी येत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखतच हवे. ते जमत नसेल तर हद्दीच्या रेषेवर कटर लावून तेवढा कोबा कापून द्या. दावा लढण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या आणि ते लहान ठेवा : हद्द ओलांडल्याचे मान्य नाही, मोजणीचा अर्ज केला आहे, तोवर काम थांबवले आहे, पाण्याचा ढाळ आमच्या गटारीकडे राहील. बाकी हक्क राखून ठेवा. सोबत अमळनेरच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करा आणि त्याची प्रत समोरच्यांना नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा (वेगळे रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले). मग तुम्हाला न ऐकता मनाईहुकूम होणार नाही. कॅव्हेट नव्वद दिवसच चालते. तेवढ्यात मोजणी झाली नाही तर ते पुन्हा दाखल करावे लागेल, ती तारीख वहीत लिहून ठेवा.