वाचक विचारतात : पडद्याच्या काचेवरचे ट्रान्झिस्टर

प्रश्न : आमचे चोपड्याला टीव्ही व मोबाइल विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे. माहितीपत्रकांत पडद्याच्या ट्रान्झिस्टरांपुढे (म्हणजे पडद्याचे ठिपके चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म विद्युत-खटक्यांपुढे) कुठे ‘एलटीपीएस’, तर कुठे ‘ऑक्साइड’ असे छापलेले असते आणि यांतले चांगले कोणते, असे गिऱ्हाईक विचारते. संगणकाच्या चिपमधले सिलिकॉनच पडद्यात का वापरत नाहीत? आणि आमच्याकडच्या वैशाखातल्या 45 अंशांच्या उन्हाचा या ट्रान्झिस्टरांवर काही परिणाम होतो का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : चिपचे सिलिकॉन एकसंध स्फटिकातून कापलेले असते आणि त्या चकतीचा व्यास आजही साधारणपणे 300 मिलिमीटरच असतो. टीव्हीचा पडदा त्याहून कितीतरी मोठा आणि काचेचा. ही काच सुमारे 600 अंशांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे तिच्यावर सिलिकॉनचा पातळ थर कमी तापमानातच बसवावा लागतो आणि त्यात अणूंची रचना विस्कळीतच राहते. या विस्कळीतपणात अणूंचे काही बंध मोकळे राहून इलेक्ट्रॉन अडकवतात. हायड्रोजनने ते बंध जोडून घेऊन स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांनी 1979 मध्ये अशा विस्कळीत सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर जाहीर केला आणि पुढे एलसीडीचा, म्हणजे द्रवस्फटिकांच्या पडद्यांचा, सारा उद्योग त्यावर उभा राहिला.

पडद्यातील ट्रान्झिस्टराचे काम पाटपाण्याच्या पाळीसारखे असते : आपली पाळी आली की वाफा, म्हणजे पडद्यावरचा ठिपका, झटपट विजेने भरायचा आणि पुढची पाळी येईपर्यंत पाणी झिरपू द्यायचे नाही. फोर-के पडद्यात 2,160 ओळी सेकंदाला 60 वेळा भरायच्या म्हटल्या, तर एका ओळीच्या वाट्याला जेमतेम पावणेआठ मायक्रोसेकंद येतात. भरण्याचा वेग इलेक्ट्रॉनच्या गतिशीलतेवर, म्हणजे विद्युतदाबाखाली ते किती सहज सरकतात यावर, ठरतो. विस्कळीत सिलिकॉनमध्ये ती 1 चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. लेसरने तोच थर क्षणभर वितळवून त्याचे बारीक स्फटिक घडवले की ती 50 ते 100 वर जाते, हेच एलटीपीएस (लो-टेम्परेचर पॉलिक्रिस्टलाइन सिलिकॉन). मात्र स्फटिकांच्या सीमांमुळे सगळे ट्रान्झिस्टर सारखे निघत नाहीत, गळती, म्हणजे खटका बंद असतानाही झिरपणारी वीज, हीही जास्त असते, आणि लेसरची प्रक्रिया खर्चिक असल्याने ते मुख्यतः मोबाइलसारख्या छोट्या पडद्यांत दिसते.

ऑक्साइड म्हणजे इंडियम, गॅलियम व जस्त यांचा संयुक्त ऑक्साइड. टोकियोतील हिदेओ होसोनो यांच्या गटाने 2004 मध्ये लवचीक प्लास्टिकवर त्याचे ट्रान्झिस्टर बनवून दाखवले. इंडियमच्या ज्या कक्षांतून इलेक्ट्रॉन जातात त्या मोठ्या व गोल असल्याने रचना विस्कटली तरी एकमेकींवर येतात, म्हणून स्फटिक नसूनही गतिशीलता 10 च्या घरात राहते. माझ्या मते त्याचा खरा गुण वेग नसून अत्यल्प गळती हा आहे. चित्र स्थिर असेल तेव्हा पडदा सेकंदाला एकदाच भरला तरी चालतो व बॅटरी वाचते. काही घड्याळांत आणि महागड्या मोबाइलमध्ये एलटीपीएस व ऑक्साइड ही दोन्ही द्रव्ये एकाच पडद्यात वापरतात, त्याला ‘एलटीपीओ’ म्हणतात. तेव्हा गिऱ्हाइकाला द्रव्याच्या नावावरून श्रेष्ठ-कनिष्ठ सांगू नये. पडदा केवढा आणि कशासाठी, हे आधी विचारावे.

उन्हाचे म्हणाल, तर हे थर शेकडो अंशांवर घडवलेले असल्याने 45 अंशांनी ते बिघडत नाहीत; गळती मात्र थोडी वाढते. उन्हातल्या बंद गाडीत राहिलेला एलसीडी पडदा काळा पडतो तो बहुधा द्रवस्फटिक अतितापून आपली दिशा हरवतात म्हणून. असा संच दुकानात आल्यास उघडण्यापूर्वी सावलीत निवू द्यावा; बहुतेकदा पडदा आपोआप पूर्ववत होतो.