पुण्याहून म्युनिकला जातोय. वर्षाला 70 हजार युरो पगारात चौघांचं भागेल का, आणि पुढे कायम राहता येईल का?

भागेल. शिल्लक किती पडेल हे मात्र दोनच गोष्टी ठरवतील: घरभाडं, आणि तुमच्या मिसेसना काम कधी मिळतं.

त्या कमवत नाहीत तोवर तुम्ही टॅक्स क्लास 3 घ्या, म्हणजे जोडप्यात एकच कमावतो तेव्हा पगारातून कमी कर कापणारा वर्ग. कर, पेन्शन, विमा कापून हातात महिन्याला 4 हजारांच्या आसपास येतील. वर बालभत्ता, 2026 मध्ये मुलामागे 259 युरो. या पगाराला सरकारी आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि कुटुंबवाल्याला तोच चांगला, कारण न कमावणारी बायको आणि मुलं त्यातच येतात, वेगळा हप्ता नाही.

आता घर. हॉल धरून खोल्या मोजतात, त्यामुळे तीन खोल्या म्हणजे आपला टू बीएचके. जाहिरातीत ठळक दिसतं ते बहुतेकदा ‘काल्ट’ भाडं, त्यात हीटिंग, पाणी, कचरा नसतो. तुम्ही ‘वार्म’चा, म्हणजे हे सगळं धरून असलेला आकडा बघा. 75 चौरस मीटरला 1,800 ते 2,100 धरून चाला, वीज-इंटरनेट वेगळं. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिप्पट असू शकतं, पण ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने दिलाय. दलाली 2015 पासून ज्याने एजंट नेमला त्यानेच द्यायची. ‘मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं कोणी म्हटलं तर तो भामटा समजा आणि एक सेंटही देऊ नका.

स्वयंपाकघराची चौकशी आधीच करा. बऱ्याच घरांत तिथे भिंतीतून आलेले पाइप आणि लोंबत्या वायरी एवढंच असतं. सिंक, ओटा, कपाटं जुना भाडेकरू घेऊन जातो, नाहीतर तुम्हाला विकतो. त्यासाठी दोन-तीन हजार बाजूला ठेवाच.

सुरुवातीचे तीन महिने कंपनीकडे फर्निश्ड घर मागा, आणि त्या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’ करता येईल ना, हे लेखी घ्या. ही पत्तानोंदणी राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि टॅक्स नंबर तिच्यानंतरच पोस्टाने येतो. आल्या दिवशी पत्रपेटीवर आडनाव चिकटवा, नाव नसेल तर पत्र परत जातं.

राहण्याच्या परवान्यासाठी ब्लू कार्डच (शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या परदेशी नोकरदारांचा परवाना) घ्या, तुमचा पगार त्यात आरामात बसतो. पेन्शनचे हप्ते भरत 27 महिने नोकरी झाली की कायम परवान्याचा अर्ज करता येतो, बी1 (मधल्या पातळीचं) जर्मन असेल तर 21 महिन्यांतच. तुमच्या मिसेसना पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची मुभा असेल आणि व्हिसासाठी त्यांच्याकडे जर्मनचं सर्टिफिकेट मागत नाहीत. नेमकं म्हणूनच बरेच जण बायकोचं जर्मन मागे टाकतात. मी स्वतः नवऱ्याच्या व्हिसावर आले. आयटी सोडलं तर भाषेशिवाय मुलाखतीलाही बोलावत नाहीत, आणि शिकलेली बाई वर्षानुवर्षं घरात अडकलेली बघून फार वाईट वाटतं. पुण्यातच मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला त्यांचं नाव घाला. पत्ता मिळाला की लगेच धाकट्याचं नाव शहराच्या किटाफाइंडर या पाळणाघरांच्या पोर्टलवर टाका. एक वर्षानंतर पाळणाघरात जागा मिळणं हा 2013 पासून मुलाचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा कमी आणि रांग मोठी. पाच वर्षांच्या थोरल्याला पुढे सरकारी शाळेतच घाला. ती फुकट आहे, आणि मुलं भाषा पटकन उचलतात. इंटरनॅशनल शाळेला वर्षाला 20 हजार युरोंच्या पुढे जातात, या पगारात तो विचार नको.

नागरिकत्वाला पाच वर्षं लागतात. जर्मनी 2024 पासून जुनं नागरिकत्व ठेवू देते, भारत देत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं, कायमच्या व्हिसासारखं कार्ड) घ्यावं लागेल. गावाकडे शेतजमीन घ्यायचा विचार असेल तर हे आधी घरात बोला: ओसीआयवाल्याला शेती वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही.