पैशावरून रोज कटकट होते? आधी बघा नेमकं काय कापलं जातंय

"मॅडम, मी एक रुपया उधळत नाही तरी हे रोज पैशावरून बोलतात, काय करू?" बाजार थंडावला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. पुरुषही येतात, त्यांचं वाक्य फक्त "हिला परिस्थितीच कळत नाही" असं असतं. अशा वेळी मला 2019 च्या जुलैमध्ये आलेलं एक जोडपं आठवतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

भोसरीत राहणारे, तो गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत सुपरवायझर. त्या वर्षी गाड्यांचा खप जोरात पडला होता. आदल्या वर्षी आयएल अँड एफएस या बड्या फायनान्स कंपनीनं हप्ते थकवले तेव्हापासून फायनान्स कंपन्यांनी हात आखडता घेतलेला, त्यात एप्रिल 2020 पासून बीएस-6 (गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम) येणार म्हणून बरेच जण गाडी घ्यायचं पुढे ढकलत होते, मग चाकण-पिंपरीकडचे मोठे प्लांट मधेमधे काही दिवस बंद ठेवायचे आणि त्याचा पहिला दणका व्हेंडरला. ठेकेदारीवरची पोरं गेली, याचा ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद झाला. आता घराचा हप्ता बसवला होता तो ओटी धरून! त्यामुळे बेसिक पगार हातात आला की दहा तारखेलाच ओढाताण सुरू.

घरात भांडण मात्र या विषयावर नाहीच. भांडण तेलावर, कोथिंबिरीवर. ती सिलेंडर लावला की कालनिर्णयवर तारीख लिहायची, तो रात्री येऊन दिवस मोजायचा आणि "या वेळी सहा दिवस आधी संपला" म्हणायचा. ती वैतागून किराण्याच्या पावत्या तांदळाच्या डब्यात लपवायला लागली, हजार-बाराशेच्या पावत्या, त्यात चोरण्यासारखं काही नव्हतं पण रोजचं ऐकून ऐकून माणूस तसा होतो.

मी दोघांना एक साधं काम दिलं. पासबुक आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट घेऊन या, आणि कागदावर वेगवेगळं लिहा, गेल्या सहा महिन्यांत कुठला खर्च बंद केला आणि कुठला चालू ठेवला. एकमेकांचं बघून लिहायचं नाही.

चालू खर्च दोघांनी जवळपास सारखेच लिहिले : पोरीच्या वाढदिवसाचा हॉल, मेहुण्याच्या वास्तुशांतीचा आहेर, नव्या फोनचा हप्ता, सोसायटीच्या गणपतीची यंदाही द्यायची ठरवलेली 2100 वर्गणी. बंद केलेल्यात तिनं लिहिलं दूध अर्धा लिटर कमी केलं, स्वतःचा डोळ्याचा नंबर तपासायचा राहिला. त्यानं बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं, मग लिहिलं, टर्म पॉलिसीचा (आयुर्विम्याचा) वर्षाचा हप्ता भरला नाही, आणि खाली बारीक अक्षरात, बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड. तिनं तो कागद वाचला आणि पहिल्यांदा रडली, तोवर ती फक्त चिडलेली होती.

हे मी खूप घरांत बघितलंय. चारचौघांना दिसणारा खर्च आपण शेवटपर्यंत ओढतो आणि कुणाला कळणार नाही तिथे कात्री लावतो, नेमकं तेच खरं गरजेचं असतं. आणि तेलावरून बोलणाऱ्या माणसाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरीच भीती असते, ती बोलता येत नाही म्हणून तेल सापडतं. (पुरुषांना तर पगार कमी झाला हे बायकोला सांगण्यापेक्षा कोथिंबिरीवर भांडणं सोपं जातं, राग मानू नका पण आहे तसं.)

या नवऱ्याची भीती क्रेडिट कार्डात होती. 62,000 थकलेले, दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, 3100 भरून "मी वेळेवर भरतोय" अशी समजूत. मी कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात दिला. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे 2170, त्यावर 18 टक्के जीएसटी, 390 धरा, म्हणजे मुद्दल कमी होणार जेमतेम साडेपाचशेनं, आणि बाकी थकली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. तो दोन वेळा आकडे मारून बघत होता, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ती तिथेच पाटल्या काढून देते म्हणाली. तो नाही म्हणाला, पुरुषाचा मान वगैरे, मग मी सांगितलं की विकायच्या नाहीयेत, बँकेतलं सोनंतारण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, फक्त कार्ड फेडल्यावर ते पुन्हा वापरायचं नाही. ते केलं. पॉलिसी ग्रेस पिरियडमध्ये (हप्ता उशिरा भरायच्या सवलतीच्या मुदतीत) होती म्हणून वाचली. गोळ्या डॉक्टरांना विचारून जेनेरिक घेतल्या, जनऔषधी केंद्रातून, आणि रोज.

तुमच्या घरात असं चालू असेल तर हेच दोन कागद करा, पण महिन्याच्या शेवटी नको, पगार झाल्यावर दोन-तीन दिवसांत बसा. आणि समोरच्यानं गोळ्या, चष्मा, विमा यातलं काही लिहिलं तर आधी तेवढंच बोला, हिशोब नंतर.

त्यांची कुरकुर काही थांबली नाही, पेट्रोलवरून तो अजून बोलायचा. पण गणपतीला वर्गणी 501 दिली. सोसायटीत कुणी काही विचारलं नाही, एक काका टोमणा मारून गेले, पण ते दरवर्षी कुणाला ना कुणाला मारतातच.